मध्येच घेतलेला श्वास

माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात आत्ता इतकी नाचणी आहे की एखादी खानावळ चालेल. नाचणीचं पीठ, नाचणीचं सत्त्व, नाचणीचे लाडू, आणि इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी पुण्याहून येणाऱ्या भाच्याबरोबर मुद्दाम मागवलेली, मोड आणून वाळवलेली नाचणी. शेजारी कॅल्शियमच्या गोळ्यांच्या बाटल्या. एक नवऱ्याने आणलेली, एक माझ्या वडिलांनी, आणि एक कुणी ठेवून गेलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. यातलं काहीही मी फेकलेलं नाही. कपाट उघडलं की राग ताजा होतो, आणि हा राग शिळा होऊ द्यायची माझी इच्छा नाही.

सगळ्यांचा हेतू चांगला होता, हे मला कुणी सांगू नये. हेतू चांगला असला की समोरच्याचं ऐकून घ्यायची गरज उरत नाही, असं आमच्या लोकांना कुणी शिकवलं कोण जाणे.

माझा जन्म इथलाच, कोलकात्याचा. आजोबा नोकरीसाठी आले ते परत गेलेच नाहीत. सियालदह स्टेशनजवळच्या एका कॉलेजात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात तिथल्याच लॅबमध्ये उंदरांच्या श्वासपटलावर काम करते. श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा. तो आवळून खाली गेला की आपण श्वास घेतो, सैल पडला की सोडतो. हात दुखला तर खाली ठेवता येतो, पाय दमले तर बसता येतं. या पडद्याला जन्मल्यापासून मरेपर्यंत रजा नाही. आमचे उंदीर पट्ट्यावर पार दमेपर्यंत पळतात आणि मग त्यांच्या या पडद्याचे तंतू आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. त्या तंतूंत कॅल्शियम कुठून सुटतं, कुठे परत जातं, कुठे चुकतं, हे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा या शहरातल्या मराठी माणसांत ‘कॅल्शियम’ आणि ‘श्वास’ या दोन गोष्टी एका वाक्यात बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे. पण पिकतं तिथे विकत नाही. घरच्यांच्या लेखी मी खरी डॉक्टर नाही, मी उंदीरवाली आहे.

माझी मुलगी सतरा वर्षांची. डमडमला आमच्या घराजवळ एक मोठं तळं आहे, त्याला बांधीव घाट आहे आणि घाटावर पोहण्याचा क्लब. पाण्याची भीती जावी म्हणून लहानपणी तिला तिथे घातलं, आणि ती जी पाण्यात गेली ती बाहेर यायलाच तयार होईना. लांब पल्ल्याचं पोहणं हे तिचं. या वर्षी नदीतल्या स्पर्धेसाठी क्लबमधून मोजक्या मुली जाणार होत्या आणि तिला त्यांच्यात जायचं होतं. ती दुसरं काही मागत नव्हती. वाढदिवसालासुद्धा काय हवं विचारलं तर म्हणाली, ‘नदी.’

तिच्या कोचना क्लबमध्ये सगळे दादा म्हणतात. पन्नाशीचा माणूस, एके काळी स्वतः नदी पोहलेला. आता घाटाच्या वरच्या पायरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतो, हातात मातीच्या भांड्यातला चहा, आणि उंटावरून शेळ्या हाकतो. स्पर्धा जवळ आली तसा त्याने रोज सकाळी जोराचा सराव लावला. रोज म्हणजे रोज, मध्ये एक दिवस सुट्टी नाही. तो संपला की वर ‘दम बंद’. तळ्याची अख्खी लांबी पोहायची, पण श्वासासाठी तोंड पाण्याबाहेर काढायचं ते त्याने ठरवून दिलेल्या वेळीच. मध्येच कुणी श्वास घेतला तर ती लांबी धरत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून पोहायची, आणि बाकीच्या मुली कठड्याला धरून बघत राहतात.

मी विरोध केला नव्हता असं नाही. पण माझा विरोध घरातच बुडाला, कारण आमच्या घराला दमाचा भारी अभिमान. मंडळाच्या गणपतीत एक आरती म्हणतात, तिच्यातल्या एका ओळीचं शेवटचं अक्षर लांबवायची पद्धत आहे. मराठी माणूस जिथे जिथे गणपती बसवतो तिथे हे चालतं. टाळ थांबतात, सगळे मिळून तो स्वर धरतात, मग एकेक आवाज गळत जातो आणि शेवटी एकच उरतो. त्याचं बक्षीस काही नसतं. पण तो आवाज कुणाचा होता हे प्रसादाच्या रांगेत सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या मंडळात तो पूर्वी माझ्या आजोबांचा असे, मग बाबांचा, आणि बाबांची छाती थकल्यावर त्यांनी तो नातीच्या हवाली केला. तिचं मराठी कच्चं आहे, बंगाली मैत्रिणींत वाढल्यामुळे ‘तो’ आणि ‘ती’ यांची तिच्या तोंडी कायम खिचडी असते. पण तो एक स्वर ती अशी धरायची की लहान मुलं तिच्या तोंडाकडे बघत राहायची आणि बाबांच्या चेहऱ्यावर ते तेज यायचं, जे माझ्या पीएच.डी.च्या दिवशी आलं नव्हतं.

या वर्षी पहिल्याच दिवशी संध्याकाळी, मंडळाच्या हॉलमध्ये, ती ओळ आली. टाळ थांबले. बाबांनी मान वळवून नातीकडे पाहिलं. तिने स्वर धरला आणि बाकीचे आवाज अजून जोरात असतानाच तिचा तुटला. हळूहळू विरला नाही, मध्येच तुटला. तिने पुन्हा श्वास घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा मी तिच्या खांद्यांकडे पाहिलं. खांदे वर चढले, मानेचे स्नायू दोरीसारखे ताणले गेले, आणि पोट जिथे पुढे यायला हवं तिथे ते आत गेलं. असा श्वास मी पुस्तकांत पाहिला होता. खालचा पडदा थकला की वरचे स्नायू त्याचं काम ओढतात. मी हातातलं निरांजनाचं ताट खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

आरती संपल्यावर एका काकूंनी तिला जवळ घेतलं. “अगं, केवढी वाळलीस! कॅल्शियम कमी झालंय हिचं. पोहणाऱ्या मुलींचं होतंच. नाचणी दे हो हिला.”

झालं. त्या एका वाक्याने हॉलमधल्या सगळ्यांना काम मिळालं.

परतताना मेट्रोत मी तिला विचारलं, कधीपासून होतंय हे? ती म्हणाली, “माझा छाती ठीक आहे, आई. खाली होतो. बरगड्यांच्या खाली. कुणीतरी आतून पकडून ठेवल्यासारखा. सकाळी पोहून आल्यावर जिना चढताना पण होतो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितला तर दादा काढून टाकेल.”

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळीच घरी हजर. हातात गोळ्यांची बाटली. मी म्हटलं, बाबा, हिच्या रक्तातलं कॅल्शियम बघून घेऊ, म्हणजे तुमची खात्री होईल. बघितलं. अगदी जिथे हवं तिथे होतं. बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “असू दे. चार गोळ्या जास्त गेल्या तर काय बिघडतंय?” आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

मी माझ्या बापाला खुर्चीत बसवून समजावलं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचंच उदाहरण घेतलं, कारण मागच्या महिन्यात तिचा व्हॉल्व गळत होता आणि बाबांनीच प्लंबर आणला होता. म्हटलं, प्रत्येक स्नायूच्या पेशीत कॅल्शियमची एक टाकी असते. स्नायूला आवळायचा हुकूम आला की टाकीची तोटी उघडते, कॅल्शियम बाहेर येतं, स्नायू आवळतो. मग पंप ते परत वर चढवतो आणि स्नायू सैल पडतो. दर श्वासाला हे असं चालतं. खूप जोराचा व्यायाम रोजच्या रोज झाला, मध्ये विसावा मिळाला नाही, की ही तोटी गळायला लागते, असं आम्हाला लॅबमध्ये दिसतं. नको तेव्हा थेंब थेंब गळत राहतं. टाकी अर्धीच राहते, म्हणून पुढचा हुकूम आला की स्नायू जेमतेम आवळतो. पंपही दमलेला, म्हणून सैलही नीट पडत नाही. पोरगी म्हणते ना, कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं?

“गच्चीवरचा व्हॉल्व गळत होता तेव्हा आपण नगरपालिकेला जास्त पाणी सोडा म्हटलं का? व्हॉल्व दुरुस्त केला. इथे दुरुस्ती म्हणजे विश्रांती. ती शरीर आपली आपण करतं, फक्त त्याला वेळ द्या.”

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मान डोलावली. मग म्हणाले, “म्हणजे कॅल्शियमचंच दुखणं आहे ना शेवटी? तेच तर आम्ही म्हणतोय.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. नवरा शेजारीच उभा होता. तो बँकेत आहे, साताऱ्याहून बदलीवर आला आणि माझ्याशी लग्न करून इथेच राहिला. भांडण झालं की मूग गिळून बसतो. त्याने मूग गिळले, आणि संध्याकाळी येताना दुसरी बाटली घेऊन आला.

मी मात्र मुलीला माझ्या जुन्या मैत्रिणीकडे नेलं. ती छातीची डॉक्टर आहे, बंगाली आहे, आणि देवाच्या दयेने आमच्या मंडळात येत नाही. तिने आधी फुप्फुसं तपासली. उत्तम निघाली, पोहणाऱ्या मुलीची असावीत तशी. दमा नाही, काही नाही. मग तिने दुसरी तपासणी केली. तोंडात नळी धरायची, नळीचं पुढचं टोक बंद, आणि जिवाच्या आकांताने आत ओढायचं. हवा येत नाही, ओढण्याची ताकद तेवढी कळते. पहिली ओढ बरी होती. दुसरी कमी. तिसऱ्या ओढीला माझ्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आकडा आणखी खाली गेला. मैत्रिणीने नळी काढून घेतली. म्हणाली, “नेमकं कॅल्शियमच गळतंय का, ते हिचा स्नायू कापून बघितल्याशिवाय तू सांगू शकत नाहीस आणि मीही नाही. पण स्नायू थकलाय हे नक्की. पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही. मी सांगेपर्यंत.”

मी सुटकेचा निःश्वास सोडला. कागदावर लिहून मिळालं, आता कोण काय बोलणार? मला वाटलं होतं की लोक कागद वाचतात.

दादाने तो वाचला. खुर्चीत बसल्या बसल्या, चहाचं भांडं गुडघ्यावर ठेवून. फुप्फुसांची ओळ वाचली आणि पुढचं वाचायची तसदीच घेतली नाही. “बौदी, रिपोर्ट तो नॉर्मल!” बौदी म्हणजे वहिनी. मग माझ्याकडे बघून हसला. “टेन्शन नेबेन ना.” काळजी करू नका म्हणे. मी त्याला पुढची तपासणी दाखवली, माझं काम सांगितलं, उंदरांत काय दिसतं ते सांगितलं. आणि मी शिकलेली बाई ना, म्हणून प्रामाणिकपणे हेही सांगितलं की उंदरात दिसतं ते माणसात जसंच्या तसं असेलच असं नाही, पण धोका का घ्यायचा? बस्स. त्याला तेवढंच हवं होतं.

“बौदी,” तो त्याच्या हिंदीत म्हणाला, “आपका चूहा कभी नदी पार किया?”

घाटावर उभ्या असलेल्या पालकांपैकी दोघं तिघं हसले. मी पण हसले असते, दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर. मग त्याने खुर्ची थोडी माझ्याकडे वळवली आणि मवाळ आवाजात सांगितलं की निवडीची ट्रायल रविवारी सकाळी आहे. जी पोहेल ती जाईल. जी घरी झोपेल ती झोपेल.

शनिवारी घरात जे झालं त्याला भांडण म्हणणंही कमीच. मी म्हटलं, तू जाणार नाहीस. ती म्हणाली, जाणार. मी म्हटलं, नदीत मध्यावर तुझा श्वास अडकला तर काय करशील? ती म्हणाली, “नाही अडकणार. मी दम वाढवला आहे.” बाबा म्हणाले, एवढी तयारी केलीय पोरीने, तिचा हिरमोड कशाला करतेस? नवरा म्हणाला, दोघींचंही बरोबर आहे. सतरा वर्षांच्या मुलीला मी कोंडून ठेवू शकत नव्हते. तिने बॅग भरली, तिच्यात बाबांनी नाचणीचा लाडू टाकला, आणि मी ठरवलं की मग मीही जाणार.

रविवारी सकाळी आम्ही दोघी चालत गेलो. रस्त्यात दुर्गापूजेच्या मांडवांचे बांबू आडवे पडलेले, त्यांवरून पाय उचलत. घाटावर तिच्याबरोबरीची एक मुलगी उभी होती, तिच्याहून लहानखुरी, दोघी लहानपणापासून शेजारशेजारच्या रांगेत पोहतात. तिने मला पाहून ‘काकीमा’ म्हणून हाक मारली, आणि माझ्या मुलीने तिला चूप राहायची खूण केली.

ट्रायल सुरू झाली. तळ्याच्या फेऱ्यांवर फेऱ्या. सुरुवातीला माझी मुलगी पुढे होती आणि माझ्या मनात एक क्षण, अगदी एक क्षण, असंही आलं की मीच चुकले असेन. मग तिचे हात आखडले. दर हाताला तोंड बाहेर येऊ लागलं आणि तरी पुरेना. खुर्चीतून टाळ्या सुरू झाल्या. “होबे, होबे!” होईल, होईल. तळ्याच्या मध्यावर ती थांबली आणि तिने हात वर केला.

पाण्यात हात वर करणं म्हणजे मला मदत हवी, हे लहान पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. पण त्या क्लबमध्ये मोठ्या मुलींनी हात वर करायचा नसतो. मोठ्या मुलीने हात वर केला की तिची वर्षभर थट्टा होते. माझ्या पोरीने तो केला होता. दादाने खुर्चीतून मान उंच करून पाहिलं आणि ओरडला, “ड्रामा कोरिस ना!” नाटकं करू नकोस म्हणे.

तिचा हात खाली गेला. मग डोकं गेलं. मी घाटाच्या पायऱ्या उतरत होते, चपला कुठे राहिल्या माहीत नाही, पाणी माझ्या कमरेला लागलं. तेवढ्यात ती लहानखुरी मुलगी स्वतःचं पोहणं सोडून वळली, तिने माझ्या मुलीला काखेतून धरलं आणि ओढत आणून रांगांमधल्या तरंगत्या दोराला लटकवलं. दोघी तिथे लोंबकळत राहिल्या. माझी मुलगी तोंड वासून हवा ओढत होती, आणि हवा तिच्या चारी बाजूंना होती, लागेल तेवढी होती, पण ती आत ओढणारं जे काही असतं ते चालत नव्हतं. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दादा त्या दुसऱ्या मुलीला ओरडत होता, तू का थांबलीस म्हणून.

मग मी ओरडले. मला बंगाली येतं, माझा जन्म इथला आहे. हिंदी येतं, इंग्रजीवर तर माझं पोट चालतं. पण तोंडातून निघालं ते मराठी, आणि तेही माझ्या आजीच्या तोंडचं, जे मी कधी वापरेन असं मला वाटलं नव्हतं. “मेल्या, पोरगी बुडाल्यावर टाळ्या वाजवणार आहेस का? हात वर केलेला दिसला नाही? डोळे फुटले तुझे? चहा कसला ढोसतोस तिथे बसून! उतर खाली! उतर आणि एक श्वास धरून दाखव मला!” आणखीही पुष्कळ बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. घाटावर एकालाही त्यातला एक शब्द कळला नसेल. पण त्या माणसाने हातातलं भांडं खाली ठेवलं.

त्याने निवड केली ती त्या लहानखुऱ्या मुलीची. माझ्या मुलीच्या जागी. माझ्या मुलीबद्दल पालकांना सांगितलं की मुलगी चांगली आहे, पण दम नाही, आणि आई डोक्याने जरा अशीच आहे. चोराच्या उलट्या बोंबा.

त्यानंतरचे दिवस मुलगी घरात पडून होती. माझ्याशी बोलत नव्हती. एकदाच बोलली, “तू सगळ्यांसमोर पाण्यात आलीस,” आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. जिवंत मुलीने रागावून तोंड फिरवलेलं मला चालत होतं. मंडळातून माणसं येत राहिली. डबे येत राहिले. प्रत्येकाला वाटत होतं की तिला अशक्तपणा आलाय, आणि प्रत्येकाने ‘कॅल्शियम’ हा शब्द माझ्याच तोंडावर मलाच समजावून सांगितला. एका गृहस्थांनी तर मोबाईलवर मला व्हिडिओ दाखवला. मी चहा दिला. चहा देताना माझ्या मनात काय काय येत होतं ते गणपतीलाच ठाऊक.

पण तिचं शरीर मुकाट्याने त्याचं काम करत होतं. जिना चढताना तिचे खांदे वर जाईनासे झाले. झोपेत पोट पुन्हा वर खाली होऊ लागलं, लहान बाळाचं होतं तसं. विसर्जनाच्या दिवशी सकाळी मी तिला मैत्रिणीकडे नेलं, पोरीने नळी तोंडात धरली आणि ओढली. पहिली, दुसरी, तिसरी. या वेळी तिसरी ओढ पहिलीच्या बरोबरीची होती. तिने नळी काढून आकड्याकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“नाचणीमुळे?” तिने विचारलं. आणि मग हसली, तेव्हा मला कळलं की ती माझी थट्टा करतेय.

संध्याकाळी आम्ही मेट्रोने मंडळाकडे निघालो. बाबा आणि नवरा पुढे बसले होते, आम्ही दोघी दाराजवळ उभ्या. गाडीच्या आवाजात ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, तिला पण तसाच होतो. खाली. बरगड्यांच्या खाली.”

“कुणाला?”

तिने त्या लहानखुऱ्या मुलीचं नाव घेतलं. “ती सांगत नाही. आम्ही कुणीच सांगत नाही. मध्येच कुणी थांबला की सगळे बघतात ना, म्हणून.”

नदीची स्पर्धा अजून व्हायची होती. ती मुलगी रोज सकाळी त्या तळ्यात दम बंद करून पोहत होती, माझ्या मुलीला दोराला लटकवणारी तीच मुलगी. माझा राग, जो मला वाटलं होतं की आता उतरेल, तो तिथल्या तिथे पुन्हा चढला. मी म्हटलं, उद्या सकाळी आपण तिच्या घरी जाऊ. तिच्या आईला भेटू. नळीचा कागद घेऊन, आणि तू स्वतः सांग. ती म्हणाली, “हो. मी सांगेन.”

हॉल भरलेला होता. निघायच्या आधीची शेवटची आरती, बाहेर मूर्तीसाठी ट्रक येऊन उभा. ती ओळ आली. टाळ थांबले. बाबांनी मान वळवली. त्यांनीच काय, सगळ्या हॉलने मान वळवली, कारण पहिल्या दिवशीचं सगळ्यांना आठवत होतं आणि नाचणीचा गुण आला की नाही हे प्रत्येकाला बघायचं होतं. तिने स्वर धरला. बाकीचे आवाज एकेक करून गळत गेले. तिचा उरला, एकटा, स्वच्छ, पूर्वीसारखा. बाबांच्या चेहऱ्यावर ते तेज यायला लागलं.

आणि ती थांबली. तिचा स्वर तुटला नव्हता, ती थांबली होती. छातीत अजून कितीतरी होतं, मी तिच्या बरगड्यांकडेच बघत होते. तिने तोंड उघडलं आणि सगळ्यांच्या देखत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा, पोटातून, भरपूर श्वास घेतला. मग पुन्हा तोच स्वर धरला आणि ओळ पुरी केली.

क्षणभर कुणालाच कळेना की टाळ वाजवायचे की नाही. मागून त्या पहिल्या काकूंचा आवाज आला, “अजून थोडी कसर आहे हो. नाचणी सुरू ठेवा.”

मी त्यांच्याकडे वळले. तोंडाशी काय आलं होतं ते आता सांगत नाही. पण माझ्या मुलीने माझा हात धरला, बाबांकडे बघून त्यांना टाळ वाजवायची खूण केली, आणि पुढच्या ओळीच्या मध्यावर पुन्हा एकदा, मुद्दाम, मोठ्याने श्वास घेतला.